दोरेवालीने अंगठा दिला नाही

एक काळ असा होता की माझ्या वहिनीचा विषय निघाला की गल्लीतल्या बायकांचे आवाज खाली जायचे आणि कान वर. कुजबुज अशी होती, की दोरेवाली रोज शेडमधून कोळंबीची आतडी डब्यात भरून घरी नेते आणि सुनेला खायला घालते. म्हणून तर ती पोरगी लग्न होऊन आली तशी गप्प आहे. आतडी पोटात गेली की जीभ जड होते म्हणे. कुणी सांगे वाटून देते, कुणी सांगे चहात उकळून देते.

अफवा मी उठवली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ती माझ्यापर्यंत आली तेव्हा जरा फिकी होती, आणि फिकी गोष्ट तशीच पुढे सरकवणं माझ्या स्वभावात बसत नाही. चहाचा तपशील माझा.

आता वहिनी दोरेवाली कशी झाली ते ऐका. आमच्या बंदरावर कोळंबी सोलायची शेड होती. पत्र्याचं छप्पर, खाली कायम ओली फरशी, मध्ये स्टीलची लांब टेबलं, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना रबरी बूट नि डोक्याला टोप्या घातलेल्या बायका. कोळंबीच्या पाठीतून एक काळा दोरा जातो. तो दोरा म्हणजे तिचं आतडं. डोकं मोडायचं, साल उतरवायची, पाठीच्या कड्यात सुईचं टोक घालायचं आणि दोरा अख्खा बाहेर काढायचा. मध्येच तुटला तर तुकडा आत राहतो. मग पाठ चिरून खरवडावी लागते, आणि चिरलेली कोळंबी वरच्या प्रतीत जात नाही.

हे काम वहिनीने सव्वीस वर्षं केलं. माझा थोरला भाऊ लवकर गेला, पदरात एक मुलगा, तेव्हापासून. तिचे हात चालत आणि तोंडही चालत, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसे. हातातल्या कोळंबीकडे न बघता ती समोरच्या बाईच्या नणंदेचं लग्न मोडायची आणि जुळवायची, तोवर तिच्यापुढे सोललेला ढीग. नवीन पोरी दोरा हिसकायच्या, तर म्हणायची, "अगं, ओढू नकोस. त्याला ये म्हण." आणि तिच्या हाती तो यायचा खरा, शहाण्या मुलासारखा.

मी त्याच शेडच्या मागे बर्फाची खोली सांभाळायचो. किल्ली माझ्याकडे, थंडी माझ्याकडे, आणि शेडभरच्या बातम्याही माझ्याकडे.

तर ती डबा नेते ही बातमी घेऊन एका रविवारी मी वहिनीच्या घरी गेलो. चौकशीला म्हणून नाही, दीर म्हणून सहज. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, जिना असा अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने मागे परतायचं. वर गेलो तर खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या पट्ट्या ओळीने उभ्या. पुतण्या काचा कापायच्या कारखान्यात. उरलेले तुकडे तो आणायचा. प्रत्येक पट्टीवर वाळलेले, चिकटवलेले काळे दोरे, आणि खाली सुनेच्या बारीक अक्षरात तारीख.

"हे काय गं वहिनी? देव्हारा की दुकान?"

"बसा भाऊजी, आणि हात लावू नका. तुमच्या हाताला बातमीचं तेल असतं, काच खराब होते."

मग तिने मला दोन पट्ट्या उजेडासमोर धरून दाखवल्या. दोन वर्षांपूर्वीच्या पट्टीवरचे दोरे गडद, भरीव, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग. गेल्या महिन्याच्या पट्टीवरचे फिकट, मध्ये मध्ये रिकामे. दोन-चार मणी उरलेल्या माळेसारखे.

"पोट भरत नाहीये या कोळंबीचं," वहिनी म्हणाली. "खाते, पण अंगी लागत नाही. आणि आतड्याची भिंत कशी झालीय सांगू? भिजलेल्या कागदासारखी. सुई लावली की फाटते."

"मग ती गोष्ट कोळंबी पाळणाऱ्या तळ्यावाल्यांना सांग. तू कशाला घरी दुखणाइतांचे फोटो लावतेस?"

"कारण दोरा तुटला की शिट्टी तळ्याकडे बघत नाही, माझ्या हाताकडे बघतो."

शिट्टी म्हणजे आमचा सुपरवायझर. गळ्यात शिट्टी, चहाच्या सुट्टीला एक, सुट्टी संपली की दोन. मालक तसा बरा माणूस होता, पण चहापेक्षा किटली गरम म्हणतात ना, ती किटली हा. कोळंबी यायची मालकाच्याच तळ्यांतून, आणि तळ्यांत पाणी यायचं समुद्राचं, पंपाने ओढलेलं. म्हणजे तळ्यात खोट निघाली तर ती मालकाची. टेबलावर निघाली तर बायकांची. खोट कुठे सापडायला हवी होती, हे कळायला शिट्टीला फार डोकं लागलं नाही.

सून त्या वेळी कोपऱ्यात फूटपट्टीने दोरे मोजून वहीत आकडे उतरवत होती. अकरा दोरे, रोज. अकराच का, विचारलं तर वहिनी म्हणाली, "डब्यात तेवढेच मावतात." सून काही बोलली नाही. आता तुम्हीच सांगा, सासू श्वास घ्यायला थांबली तर सून बोलणार ना!

पंपाच्या दाराशी दर महिन्याला मत्स्य महाविद्यालयातून एक चष्मेवाली बाई येत असे. पाण्यात एक दांडा बुडवायची, आकडा लिहायची आणि निघून जायची. आम्ही तिला दांडीवाली म्हणत होतो, तोंडावर नाही. एका दुपारी चहाच्या सुट्टीत वहिनी काचांची पिशवी घेऊन तिच्याकडे निघाली. मीही निघालो. न ऐकलेली गोष्ट मला पचत नाही.

"बाई, समुद्र आंबलाय का?" वहिनीने सरळच विचारलं.

चष्मेवाली हसली. "आंबला नाही हो मावशी. जिभेला कळायचं नाही."

हे खरं होतं. मी तेवढ्यात बोट बुडवून चाटून पाहिलं होतं. नेहमीसारखं खारट.

"पण आंबटाच्या दिशेने सरकलाय," ती पुढे म्हणाली. "चिमण्यांचा, गाड्यांचा जो धूर निघतो, त्यातला काही वायू समुद्र गिळतो. वर्षानुवर्षं गिळतोय. त्याने पाण्याचा गुण बदलतो. इथला माझा आकडा पूर्वी आठाच्या वर असायचा, आता बऱ्याचदा आठाच्या खाली येतो."

"वर-खाली एवढंच? त्याने काय होतं?"

"तुम्हाला आठवडाभर सतत बारीक ताप असला तर काय होईल? काम कराल, पण सगळी ताकद तो ताप सांभाळण्यात जाईल. कोळंबीचं तसं होतं. अंगातलं रक्त ठीक राखण्यातच तिची शक्ती जाते. मग आतड्याचं अस्तर झिजतं, चांगले जंतू कमी होतात, वाईट घर करतात. खाल्लेलं पचत नाही."

वहिनीने पिशवीतून काचा काढल्या. त्या बघून बाई जी खाली वाळूत बसली ती दुसरी शिट्टी झाली तरी उठेना. तिने एकेक पट्टी चष्म्याला लावून बघितली, मग म्हणाली, "मावशी, एक आधीच सांगते. तुमची कोळंबी फक्त याच कारणाने आजारी पडली, असं मी लिहून देणार नाही. तळ्यात गाळ असतो, गर्दी असते, खाद्याची भानगड असते. समुद्राचा यात हात आहे, पण किती, ते मला अजून माहीत नाही."

"लिहून मागतंय कोण? मला एवढंच सांगा. दोरा आधीच बिघडलेला असतो, की माझ्या हातात आल्यावर बिघडतो?"

"मावशी, तुमच्या हातात येते तेव्हा ती मेलेली, बर्फात घातलेली असते. मेलेल्याचं पोट नव्याने कसं बिघडेल?"

"पुरे," वहिनी म्हणाली आणि बूट वाजवत परत आली. बाईने काचा मागितल्या होत्या, महाविद्यालयात ठेवायला. वहिनीने सांगितलं, "फोटो काढा. काचा घरच्या आहेत."

त्यानंतर महिन्याभराने कागद आला. माल घेणाऱ्या कंपनीने तक्रार केली होती, की कोळंबीत आतड्याचे तुकडे राहतात, पाठी चिरलेल्या असतात. त्यावर मालकाने तयार केलेला कागद शिट्टीने टेबलापाशी उभं राहून वाचला. त्यात लिहिलं होतं की सोलणाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे माल खराब झाला आणि हे सोलणाऱ्यांना मान्य आहे. टेबलावरच्या अठरा जणींनी अंगठा किंवा सही द्यायची. सोबत शाईची डबी.

सगळ्यांना कळत होतं ते असं. कागद झाला की दोन महिन्यांत टेबल उठणार, जागी यंत्र येणार, आणि अठराजणी बाहेर. बाहेर जाणं एक वेळ परवडलं. पण 'हिच्या हाताने माल नासतो' असं लिहून दिल्यावर बंदरावरची दुसरी कोणती शेड त्यांना दारात उभं करणार होती? सुईवर घर चालवणाऱ्या बाईजवळ हातांच्या नावाशिवाय असतं काय?

पहिलं नाव वहिनीचं होतं.

"मावशी, अंगठा."

"अंगठा माझा, शाई तुझी. शाई तुझ्याकडेच ठेव."

"मावशी, वय झालं आता. हात थरथरतात, मान्य करा की. नाचता येईना अंगण वाकडं, असं किती दिवस चालायचं?"

"मग अंगण मोजू या की! पट्टी मी घरून आणते."

बायका खो खो हसल्या. शिट्टी लाल झाला. म्हणाला, "परवा कंपनीचा माणूस येतोय. तोवर अंगठे झाले नाहीत तर शनिवारपासून कुणी फाटकात पाऊल टाकायचं नाही."

"परवा येतोय? बरं झालं," वहिनी म्हणाली. "त्याच्यासमोरच देते, काय द्यायचं ते."

त्याच संध्याकाळी मला बोलावणं आलं. जिना चढून गेलो तर वहिनीने चहा ठेवलेला. तिने स्वतःहून चहा ठेवला की माणसाने खिसा आणि मान दोन्ही सांभाळावं.

"भाऊजी, बर्फाच्या खोलीत जुनी पाकिटं आहेत ना?"

होती. तळ्यावरून आलेल्या मालातलं एक पाकीट दर महिन्याला न सोलता, जसंच्या तसं, तारीख टाकून गोठवून ठेवायचा नियम होता. पुढे कधी तंटा झाला तर म्हणून. तंटा कधी झाला नव्हता, त्यामुळे पाकिटं वाढत गेली होती आणि मला पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

"चार वर्षांपूर्वीचं एक आणा. तोच हात, तीच सुई. बघू दे त्याला दोरा कसा येतो ते."

"वहिनी, मालकाच्या हुकुमाशिवाय पाकीट हललं तर माझी नोकरी हलेल. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत."

"सव्वीस वर्षं माझ्याबद्दल बोलून तोंड दमवलंत. एकदा माझ्यासाठी हात हलवा."

मी चहाचा कप उचलला. आणि इतक्यात कोपऱ्यातून आवाज आला. "आई, एक पाकीट नको."

सून. आम्ही दोघंही वळून बघायला लागलो.

"ते म्हणतील, जुनी बर्फातली आणि नवी ताजी, बर्फाने फरक पडला. तीन आणा. चार वर्षांपूर्वीचं, दोन वर्षांपूर्वीचं, आणि गेल्या महिन्याचं. तिन्ही त्याच खोलीतली. मग बोलायला तोंड उरणार नाही."

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंत? बोलली की अशी बोलते." मग तिचा चेहरा असा काही झाला की मला नाही म्हणता येईना. तीन पाकिटांचं वचन देऊन मी जिना उतरलो.

कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, पायात आमचेच रबरी बूट, दोन नंबर मोठे. मालक बरोबर, शिट्टी पुढे. वहिनी टेबलाशी उभी, पुढे तीन पातेली, त्यांत पाण्यात सैल झालेली कोळंबी, प्रत्येकावर पाकिटाचं लेबल ओलं होऊन चिकटलेलं. मी दाराशी, हातात किल्ली. मिरवायला म्हणून नाही, हात कुठे ठेवावे कळत नव्हतं म्हणून.

"हे काय चाललंय?" मालकाने विचारलं.

"तुमच्या खोलीतली, तुमच्या तारखांची, तुमच्या तळ्यांची कोळंबी," वहिनी म्हणाली. "माझं म्हणाल तर फक्त हात. तेच खराब आहेत म्हणता ना? मग बघून तरी घ्या, कसे खराब आहेत ते."

मालकाचं तोंड उघडलं होतं, पण टायवाला म्हणाला, "थांबा, बघू या." चांगला माणूस होता की नुसता कंटाळलेला, कुणास ठाऊक.

पहिलं पातेलं, चार वर्षांपूर्वीचं. त्यातल्या वीस कोळंब्या. दोरे येत गेले आणि टेबलाच्या काठावर ओळीने पडत गेले, अख्खे, काळे. सोळावा तुटला. शिट्टीने टाळीच वाजवली. "बघा! बघा!"

"तुटला," वहिनी म्हणाली. "घाईत ओढला. माझी चूक, लिहून घ्या. विसात एक."

दुसऱ्यात सहा तुटले. तिसऱ्यात, गेल्या महिन्याच्या पाकिटात, पंधरा. तोच हात, तीच सुई, तोच वेग.

वहिनीने हात पुसले. "पंधरा. यातला एक माझा, आधी कबूल केलाय तेवढा. बाकीचे चौदा कुणाचे, ते मालकांना विचारा."

टायवाला म्हणाला, "हे सुपरवायझर करून दाखवतील का?" शिट्टी नऊ वर्षं बायकांना दोरा कसा काढायचा ते शिकवत होता. त्याने पहिल्या पातेल्यात उरलेली, चार वर्षांपूर्वीची, निरोगी, भरीव कोळंबी हातात घेतली आणि तिचे तीन तुकडे केले. दोरा एकाही तुकड्यातून आला नाही. टेबलाच्या शेवटावरून कुणीतरी म्हणालं, "अहो, ओढू नका, त्याला ये म्हणा!" मग जे हसू उसळलं ते मालकालाही आवरेना.

हसू ओसरतंय तोच दारातून सून आत आली, काचांची टोपली घेऊन. महिन्याची एक, अशा सव्वीस महिन्यांच्या निवडक सव्वीस पट्ट्या तिने उजेडात उभ्या केल्या आणि तारीख, लांबी, किती अख्खे, किती रिकामे, असं एकेक वाचत गेली. चष्मेवालीने दिलेले त्याच महिन्यांचे पाण्याचे आकडेही तिने बाजूला लिहून आणले होते, तेही वाचले. स्वच्छ, खणखणीत आवाज. गल्लीने ज्या जिभेचं वजन केलं होतं, ती जीभ मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येत होती.

मालक आणि टायवाला आतल्या खोलीत गेले. काय बोलले ते दाराला कान लावूनही मला नीट ऐकू आलं नाही. दार जाड होतं. बाहेर आले तेव्हा मालकाने शिट्टीच्या हातातून तो कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला. कंपनीला कळवलं गेलं, 'पाण्याची तात्पुरती अडचण'. तात्पुरती! पण अठरांपैकी एकीचाही अंगठा काळा झाला नाही, आणि यंत्राचं नाव पुन्हा निघालं नाही.

हुकुमाशिवाय पाकिटं हलवल्याबद्दल मला नोटीस मिळाली. ती मी चौकटीत लावली आहे.

वहिनीला मात्र सोमवारी दोऱ्यांच्या टेबलावरून उठवून डोकी मोडायला बसवलं. शिट्टीचा सूड, दुसरं काय. तिने काही तक्रार केली नाही. जाऊन डोकी मोडायला लागली. बाकीच्या सतराजणींनी सुया खाली ठेवल्या आणि गप्पा सुरू केल्या. नुसत्या गप्पा, मोठ्यांदा, शिट्टीच्या सासुरवाडीबद्दल. ताजी कोळंबी काही कुणासाठी थांबत नाही. पाऊण तासात पाट्यांतला बर्फ विरघळायला लागला. चहाच्या शिट्टीआधी वहिनी आपल्या जागेवर परत होती.

मालकाने नंतर तळ्यांत चुनखडीची भुकटी टाकली. तळ्यांचं पाणी थोडं सावरलं, दोरेही थोडे सावरले. विसात सात-आठ तुटतात आता, असं टेबलावरच्या पोरी सांगतात. मी चष्मेवालीला विचारलं होतं, मग समुद्रातच टाका की चुना. ती म्हणाली, "काका, किती गोण्या?" मी हिशेब सुरू केला आणि सोडून दिला.

वहिनी आता वयामुळे कामावर जात नाही, पण पोरी तिला डबा आणून देतात. काचा खिडकीतून भिंतीपर्यंत आल्या आहेत. चष्मेवाली वर्षातून दोनदा जिना चढून येते, फोटो काढते, आणि दर वेळी काचा मागते. दर वेळी तेच उत्तर घेऊन उतरते. गेल्या वेळी ते सुनेने दिलं.

आणि ती आतड्यांची गोष्ट. वहिनी रोज अकरा दोरे डब्यातून घरी नेत होती, ते काचेवर चिकटवण्यासाठी. सुनेला कोळंबीचं वावडं आहे; खाल्ली की अंगावर पित्त उठतं. ती त्या घरात आल्यापासून तिथे कोळंबी शिजलेली नाही.